अर्धी प्रदक्षिणा

शंकराची प्रदक्षिणा अर्धीच का, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी वडीलधाऱ्यांना विचारलेला असतो. विष्णूला, देवीला, गणपतीला पूर्ण वळसा घालावयाचा. शिवालयात मात्र सोमसूत्रापर्यंत जावयाचे आणि आल्या वाटेने परतावयाचे. अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यातून ज्या पन्हळीने बाहेर पडते ती ओलांडू नये, हे त्याचे कारण. पाण्याचा मान राखण्यासाठी माणसाने आपली वाट तोडून घ्यावी, ही कल्पना मोठी सुंदर आहे. परंतु रोजच्या सवयीने तिच्यातले सौंदर्य आपल्याला दिसेनासे होते. आम्हांला ते पुन्हा दिसले एका दूरच्या देशात, डोंगर, अरण्ये व सरोवरे यांनी भरलेल्या मुलखात सायकलीवरून हिंडताना. त्या वाटांविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

स्कॉटलंडातील ग्लासगो शहराच्या उत्तरेस, मोटारीने तासाभराच्या अंतरावर, ट्रोसॅक्स नावाचा मुलूख आहे. सखल प्रदेश संपून डोंगराळ प्रदेश जेथे सुरू होतो, त्या सांध्यावर तो वसला आहे. डोंगर फार उंच नव्हेत. कॅलँडर गावाच्या उशाशी उभा असलेला बेन लेडी ८७९ मीटर उंच. आपल्या सह्याद्रीत त्याची गणना चारचौघांतच व्हावयाची. परंतु जेथे दोन डोंगरांच्या मध्ये खोल दरी, तेथे बहुधा एक लांबट सरोवर पसरलेले असते, आणि ओक व भूर्ज वृक्षांची राने थेट पाण्याच्या कडेपर्यंत उतरलेली असतात. तिकडे सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. सर वॉल्टर स्कॉटने १८१० साली ‘द लेडी ऑफ द लेक’ हे आपले काव्य प्रसिद्ध केले. त्याचे रंगस्थळ यांपैकीच लॉख कॅट्रिन. काव्य वाचून लोकांची रीघ तिकडे लागली, ती अद्याप थांबलेली नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची गोष्ट निघाली की आपल्याकडे स्कॉटचे नाव निघतेच. तेव्हा मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. २००२ साली लॉख लोमंड व ट्रोसॅक्स मिळून स्कॉटलंडातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

आम्ही तेथे गेलो ते काव्यासाठी नव्हे. आमचा पुतण्या ग्लासगोत नोकरीस आहे आणि रोज सायकलीवरून कामावर जातो. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, आयुष्यभर सायकल चालवीत. सोमवार आला की संध्याकाळी मंगेशीच्या पालखीला सायकलीवरून जावयाचे, हा त्यांचा नेम. पाऊस असो की ताप असो, नेम चुकला नाही. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी, देवळापासून फार दूर नव्हे अशा जागी, मागून आलेल्या ट्रकखाली ते गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात सायकल उरली नाही. आमची सायकल आम्ही शेजारच्या मुलाला देऊन टाकली. ग्लासगोस निघालो तेव्हा वहिनींनी एकच काम सांगितले. “भावोजी, त्याच्याकडून सायकल सोडल्याचे वचन घेऊन या. माझे तो ऐकत नाही, तुमचे ऐकेल.” आम्ही हो म्हटले. आमचेही मत त्याहून वेगळे नव्हते.

पुतण्याला त्याचा वास लागला असावा. आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने दोन दिवसांची रजा काढली. “काका, वचनाचे मग पाहू. आधी माझ्याबरोबर दोन दिवस चला,” असे म्हणून त्याने आमच्यासाठी एक सायकल भाड्याने आणली. पायडल मारावे तसतशी विजेची मदत मिळावी अशी ती सायकल होती. साठी उलटलेल्या माणसाने चढावर ही मदत घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पहिल्या दिवसाची वाट कॅलँडरहून उत्तरेस लॉख लुबनिगच्या पश्चिम काठाने स्ट्रॅथायर गावाकडे जाते. ही मूळची आगगाडीची वाट. कॅलँडर आणि ओबान यांना जोडणारा लोहमार्ग बांधण्यास एकोणिसाव्या शतकात आरंभ झाला. १८७० साली तो ग्लेन ओगलच्या खिंडीपर्यंत आणि १८८० साली समुद्रकाठच्या ओबानपर्यंत पोचला. पुढे मोटारी वाढल्या, उत्पन्न घटले, आणि १९६५ च्या नोव्हेंबरात या भागातील गाड्या बंद करण्याचे ठरले. पण डोंगराला तेवढाही धीर धरवला नाही. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ग्लेन ओगलमध्ये दरड कोसळून मार्ग बंद पडला तो कायमचा. रूळ उचलले गेले, मागे राहिली ती खडी, कापलेले डोंगर आणि दगडी पूल. त्याच पायाघडीचा पुष्कळसा भाग आज पादचारी व सायकलस्वार यांच्या उपयोगी पडतो.

मेलेल्या लोहमार्गाचा सायकलस्वाराला केवढा उपयोग होतो, हे त्यावरून गेल्याखेरीज कळत नाही. वाफेच्या एंजिनाला तीव्र चढ सोसत नसे. म्हणून जुन्या इंजिनीयरांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या, पूल बांधले आणि मार्ग होता होईल तो सपाट ठेवला. ग्लेन ओगलच्या बिकट घाटातसुद्धा साठ फूट गेल्यावर फूटभर उंची, याहून अधिक चढ त्यांनी बहुधा येऊ दिला नाही. एंजिनासाठी घेतलेली ही काळजी आता म्हाताऱ्याच्या गुडघ्यांच्या कामी येते! कोठे कोठे मात्र वाट जुना मार्ग सोडून रानात वर चढते. तेथे आमची दमछाक झाली आणि विजेचे मोल कळले.

लुबनिगच्या काठी एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस डोंगराला टेकलेले अरण्य. पलीकडच्या काठाने मोटारींचा हमरस्ता जातो. त्याचा आवाज पाण्यावरून येतो, पण मोटार येत नाही. जून महिना होता. नेच्यांची पाने माणसाच्या छातीएवढी वाढली होती. कोकिळेचा एक युरोपीय नातलग रानात कोठेतरी दोनच स्वरांचा आलाप घेत होता. आपल्या कोकिळेसारखी तो तान वाढवीत नाही, तेवढ्यावरच संतुष्ट असतो. थांबलो की मात्र मिज नावाचे बारीक चावरे किडे अंगाभोवती जमत. त्यांच्यापुढे आपल्या भाताच्या खाचरांतले डांस म्हणजे सज्जनच म्हणावयाचे. सुंदर जागी फार वेळ थांबून भाषण करू नये, अशी निसर्गानेच तेथे व्यवस्था केली आहे.

या रानांचेही सगळेच कौतुक करण्यासारखे नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-स्कॉटलंडला लाकडाची फार टंचाई भासली. म्हणून १९१९ साली सरकारी वनखाते निर्माण झाले आणि त्याने डोंगरच्या डोंगर सिटका स्प्रूस या अमेरिकन वृक्षाने झाकून टाकले. एका उंचीची, एका रंगाची ही झाडे पलटणीसारखी ओळीने उभी असतात, आणि त्यांच्याखाली गवतही धड उगवत नाही. परंतु लाकूड बाहेर काढण्यासाठी खात्याने खडीचे रस्ते केले, ते आज सायकलींना मोकळे आहेत. सामान्य मोटारीला तेथे फाटक आहे. २००३ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने जमिनीविषयीचा एक कायदा केला. त्यान्वये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक जमिनीवरून व पाण्यावरून पायी, घोड्यावरून किंवा सायकलीवरून जाण्याचा हक्क मिळाला. हा हक्क मोटारवाहनाला नाही. अपवाद आहे तो अपंगांच्या वाहनाचा. हे कलम वाचून आम्हांला त्या कायदे करणाऱ्यांविषयी आदर वाटला. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, याचा विचार त्यांनी नीट केला होता.

दुसऱ्या दिवशी लॉख कॅट्रिनला जावयाचे होते. कॅलँडरहून व्हेनाकर सरोवराच्या दक्षिण काठाने, रानातून, वाट निवांत आहे. पण कॅट्रिनच्या धक्क्यावर पोचण्यापूर्वी काही अंतर मोटारींच्या रस्त्याने जावेच लागते. मोटारींवाचूनच्या वाटांचा हा दोष सांगितला पाहिजे. सगळ्या सुंदर कड्या एकीत एक अडकवलेल्या नाहीत. मध्येच साखळी तुटते, आणि नेमकी तेथेच भीती असते. त्या तुकड्यावर शिरताना पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही पुढे व्हा.” तो आमच्या मागे राहिला. थोड्या वेळाने मागून एका अवजड गाडीची घरघर ऐकू आली. आमचे हात थंड पडले. त्याने रस्त्याच्या मध्याकडे सरकून हात वर केला. गाडी मंदावली, आमच्या मागे गोगलगाईसारखी चालत राहिली, आणि रस्ता मोकळा दिसताच पलीकडून निघून गेली. तो काही बोलला नाही. आमच्या बंधूंच्या मागे त्या सोमवारी कोणी नव्हते, एवढेच आमच्या मनात आले.

धक्क्यावर मोटारींची ही गर्दी! मोटारींवाचूनची वाट पाहावयास लोक मोटारीतून येतात, हा गमतीचा प्रकार तेथेही आहे. परंतु फाटकाच्या आत एकही मोटार जात नाही. सायकली बोटीत चढवून आम्ही आठ मैलांच्या त्या सरोवराच्या वरच्या अंगास, स्ट्रोनॅकलाखरच्या धक्क्यावर, उतरलो. याच पाण्यावर ‘सर वॉल्टर स्कॉट’ नावाची आगबोट १९०० सालापासून आहे. तिचे सुटे भाग घोड्यांनी ओढून डोंगरातून आणले आणि सरोवराच्या काठी जोडले, असा तिचा इतिहास आहे. स्ट्रोनॅकलाखरहून उत्तर काठाने परत येणारा रस्ता सुमारे १३ मैलांचा, म्हणजे २१ किलोमीटरांचा. चांगला डांबरी रस्ता. पण त्यावर पाणीपुरवठा खात्याच्या आणि काठावरच्या मोजक्या घरांतील रहिवाशांच्या गाड्यांखेरीज दुसरे वाहन नाही.

एवढा चांगला रस्ता मोकळा का राहिला? सायकलस्वारांवरील प्रेमामुळे नव्हे. १८४८–४९ व १८५३–५४ अशा दोन खेपांत पटकीच्या साथीने ग्लासगोत हजारो माणसे मेली. शहराला निर्मळ पाणी हवे होते. जॉन फ्रेडरिक बेटमन या इंजिनीयराने लॉख कॅट्रिनची पातळी वाढवून, बोगदे खणून, नद्यांवरून पूल बांधून ते पाणी सुमारे २६ मैलांवर शहराच्या वेशीपाशी असलेल्या तलावात नेले. एकही पंप न लावता, केवळ उताराने! १८५९ च्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १८६६ साली पटकी पुन्हा आली तेव्हा त्या शहरात पूर्वीच्या मानाने फारच थोडी माणसे दगावली. तेव्हापासून सरोवर आणि त्याचा काठ पाण्यासाठी राखलेला आहे. या शतकाच्या आरंभी, पाणी दूषित होऊ नये म्हणून, डोंगरावरची मेंढरेही तेथून हलविली गेली, आणि आता तेथे देशी झाडांचे रान पुन्हा उठत आहे. रस्ता खात्याच्या कामासाठी आहे, म्हणून तो खाजगी. खाजगी म्हणून मोटारींना बंद. आणि मोटारींना बंद म्हणून तुमच्याआमच्यासारख्यांना खुला.

वरच्या टोकाला ग्लेनगाइलचे पांढरे घर दिसते. रॉब रॉय मॅक्ग्रेगर १६७१ साली तेथे जन्मला. त्याच्या कुळाचे नावच १६०३ साली राजाज्ञेने बंद केले होते; ते लावण्याची पूर्ण मोकळीक १७७४ साली मिळाली. थोडे पुढे आल्यावर पोर्टनेलन येथे त्या कुळाची स्मशानभूमी लागते. पाण्याची पातळी वाढविताना ती बुडाली असती. म्हणून भिंत व भराव घालून ती उंच राखली आणि काठापासून तिच्यापर्यंत दगडी वाट बांधली. तीन बाजूंनी पाणी आणि मध्ये जुन्या शिळा. ते पाहून आम्हांला आमच्या कुर्डीची आठवण झाली. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले. तेथील महादेवाचे जुने देऊळ एकेक दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभारले. आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने रहिवासी सोमेश्वराच्या उत्सवाला आजही त्या ओसाड जागी जमतात. पाण्यासाठी जागा सोडणारी माणसे सगळीकडे एकाच जातीची असतात. जागा सोडतात, पण देव आणि पितर यांना सोडीत नाहीत.

स्मशानभूमीपाशी आम्ही बसलो होतो तेव्हा पुतण्याने दाखविले. “काका, सरोवर सबंध वाटभर आपल्या उजव्या हाताला आहे, पाहिलेत? म्हणून मी तुम्हांला बोटीने या टोकाला आणले. बाबा असते तर त्यांनी हेच विचारले असते, उजवीकडे की डावीकडे.” आम्ही पाहिले. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर. ही प्रदक्षिणाच होती. पण पूर्ण नव्हे. दक्षिण काठाने असा रस्ता नाही. आणि त्याच काठावर, रॉयल कॉटेज म्हणून जागा आहे तेथे, ग्लासगोचे पाणी सरोवरातून बाहेर पडून बोगद्यात शिरते. सोमसूत्र ज्या बाजूस, त्या बाजूने वाट नाही! कोणी शास्त्र पाहून हे केलेले नाही, हे उघडच आहे. तरी देवळात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांना दुसरे काय दिसणार?

बापाविषयी तो आमच्याशी अकरा वर्षांत प्रथमच बोलला. मग बोलतच राहिला. शाळेत जाताना सायकलीच्या पुढच्या दांड्यावर बसून तो त्यांच्या धापांवरून चढ किती आहे ते ओळखत असे. पालखी आटोपून परतताना ते प्रसादाचे केळे खिशात घालीत आणि ते नेहमी चेपलेले निघे. आम्हांला हे काहीच ठाऊक नव्हते. शेजारून गाडी जात असती तर हे बोलणे झाले नसते. मोटारींच्या रस्त्यावर दोन सायकलस्वारांना एकामागे एक जावे लागते, आणि पाठीला ओठ नसतात. या रस्त्यावर आम्ही दोघे जोडीने चाललो होतो.

आम्ही वचन मागितले नाही.

ग्लासगोला परतल्यावर आम्ही हिंदु मंदिरात गेलो. केल्व्हिन्ग्रोव्ह उद्यानाजवळ ला बेल प्लेस या ठिकाणी एका जुन्या भव्य इमारतीत ते २००६ सालापासून आहे. मंदिरातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, उद्यानात, १८७२ साली बांधलेले एक कारंजे आहे. लॉख कॅट्रिनचे पाणी शहरात आणण्याच्या कामी झटलेले नगराध्यक्ष रॉबर्ट स्ट्यूअर्ट यांचे ते स्मारक. त्याच्या माथ्यावर स्कॉटच्या काव्यातील सरोवरसुंदरीची मूर्ती आहे. देवापुढचे तीर्थ तळहातावर घेताना आम्हांला वाटले, ज्याच्या काठाने आपण अर्धी प्रदक्षिणा केली तेच हे पाणी उताराउताराने येथवर आले आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. सत्तरीत बांबर-नानोड्याला निरंकाराची राय आहे. देवाचे रान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेथे कुऱ्हाड चालली नाही, आणि म्हणून इतरत्र दुर्मिळ झालेली पाणथळीतली झाडे तेथे आजही उभी आहेत. देवराई म्हणजे वृक्षांवरचा निबंध नव्हे. ‘येथे कुऱ्हाड नाही’ एवढा एकच नियम. लॉख कॅट्रिनचा रस्ता ही रस्त्याची देवराई आहे: ‘येथे मोटार नाही’. नियम पाण्यासाठी केला, आणि त्याच्या आश्रयाला माणसे, पाखरे, आठवणी सगळेच येऊन राहिले.

घरी परतल्यावर वहिनींनी विचारले, “वचन मिळाले?” आम्ही त्यांना केळ्याची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “रस्ता तसा असता तर मीही काही म्हटले नसते.” त्यांची हरकत सायकलीला कधी नव्हतीच.

आपल्या देवळांच्या सभोवार तळी आहेत, तळ्यांच्या काठाने वाटा आहेत, पालखीचे मार्ग आहेत. त्या सर्वांचे राखणदार आपणच. पूर्वी या वाटांवर मोटार बंद करण्याचे कारण नव्हते, कारण मोटार नव्हती. आता पालखीलाच उभ्या गाड्यांतून अंग चोरून जावे लागते. डोंगर कापण्याची, सरोवर खणण्याची आपल्याला गरज नाही; साखळी आणि कुलूप पुरे आहे. महाजनांच्या पुढील सभेत आम्ही एक अर्ज ठेवणार आहोत. तळ्याकाठचा रस्ता सोमवारी दुपारी चारपासून पालखी देवळात परत येईपर्यंत मोटारींना बंद असावा. अपंगांना व अतिवृद्धांना आणणाऱ्या गाड्यांना तेवढी मोकळीक असावी. अर्जावर पहिली सही वहिनींची आहे.